मागचा आवाज

गाडीत काही बिघडलं की लोक मला फोन करतात आणि तोंडाने आवाज काढून दाखवतात. "खर्रर्र होतंय." "नाही नाही, आधी टक् टक् टक्, मग एकदम चुंईं." चारचौघांत रुबाबात वावरणारी माणसं, पण फोनवर अशी रेकतात की शेजारी कुणी असेल तर पळून जाईल. मी ऐकून घेते. बऱ्याचदा त्यावरूनच कळतं की बुश गेलाय की बेअरिंग. वडिलांनी गॅरेज माझ्या हवाली केलं तेव्हा म्हणाले होते, "पाने सगळ्यांनाच फिरवता येतात, तुला कान आहेत." कान चांगले आणि तोंड वाईट, अशी माझी गावभर ख्याती आहे. तोंडाबद्दल मला काडीचीही लाज नाही. कानांबद्दल मात्र मला गर्व होता.

भावोजींच्या गाडीसाठी फोनची गरजच पडायची नाही. ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की मला गॅरेजच्या आत, कुणाच्या तरी इंजिनात डोकं घातलेलं असतानासुद्धा कळायचं. पुढून खडखड, मागून किरकिर, ब्रेक मारला की अशी किंकाळी की दात आंबावेत. भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तशी ती यायची. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवून "आता दिसतंय का?" असं हळू आवाजात विचारायचं, हा धंदा. माणूस इतका मऊ की दुकानात शिरलेल्या माशीलासुद्धा दार उघडून देईल. असा माणूस त्या खटाऱ्यातून उतरला की मला हसूच यायचं.

"मालकीणबाई," ते मला म्हणायचे, "जरा हवा बघता का?"

"हवा ठीक आहे, बाकीची गाडी बघा," मी म्हणायची. "हिला आता भंगारवालाही दारात उभी करणार नाही."

ते हसायचे आणि निघून जायचे. ताई आजारी पडेपर्यंत हे सगळं चेष्टेचं होतं.

ताईचं दुखणं एकदा होऊन गेलं होतं. बरं झालं म्हणून आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग ते पाठीच्या मणक्यांत निघालं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिव्यासमोर फोटो धरून दाखवला. मला त्यातलं काही कळलं नाही, फक्त हाडं पोखरल्यासारखी दिसत होती तेवढं कळलं. उपचार शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. ठरावीक दिवसांनी सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आणि मधला रस्ता असा, की धडधाकट माणसाचंही कंबरडं मोडावं. रुंदीकरण चाललंय म्हणून तो खणून ठेवलाय आणि खणणारे कुठे गेले कुणाला ठाऊक नाही.

एकदा तिला रुग्णवाहिकेतून नेलं. उतरल्यावर ती म्हणाली, "जिवंत आहे तोवर पुन्हा यात घालू नका." एकदा शेजाऱ्यांनी त्यांची नवीकोरी गाडी देऊ केली, चालकासकट. गादीवरून गेल्यासारखी गाडी. तर परत आल्यावर म्हणे, "नको बाई, जीव घुसमटतो. आपली आहे ती बरी." मी म्हटलं, हट्टी आहे, लहानपणापासून हट्टीच आहे. लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेली गाडी, मायेपोटी सुटत नसेल. मागच्या सीटवर उशा रचून ती अर्धवट रेलून बसायची, भावोजी गाडी हाकायचे, आणि ती भांडी वाजत वाजत शहराला जायची.

मग एक दिवस दवाखान्याच्या फाटकाशी ब्रेक लागलाच नाही. म्हणजे लागला, पण एकाच बाजूने. गाडी सरळ न थांबता भिंतीकडे ओढली गेली. भिंत आणि गाडी यांच्यात एक माणूस आडवा जाईल एवढी जागा राहिली. दुसऱ्या दिवशी भावोजी माझ्याकडे आले आणि चावी टेबलावर ठेवून नुसते उभे राहिले.

मी कुणालाच सोडत नाही, त्यांना तरी का सोडू? "लाज नाही वाटत?" मी ओरडले. "जिच्या मणक्यांची चाळण झालीय, तिला तुम्ही या खुळखुळ्यात घालून नेता? एकेक खड्डा तिच्या पाठीत जात असेल! दहा वेळा सांगितलं, गाडी आणून टाका. दहा वेळा! तुमच्या कानात बोळे आहेत का?"

"तिला चालत होतं गं," ते म्हणाले.

"तिला काय, तिला सगळंच चालतं!"

त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, पुन्हा घातला, आणि पायीच घरी गेले.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. खरं सांगते, त्या दिवशी मला किती तरी दिवसांनी बरं वाटलं. कारण तोवर मी काय करत होते? दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची. फळं कापायची. "बरं वाटतंय ना?" असं विचारायची, आणि "वाटतंय" ऐकायची. ज्या आजारात हात घालता येत नाही त्याच्यासमोर माझ्यासारखीने करायचं काय? डॉक्टरांच्या हातातलं डॉक्टर करतील. रस्ता सरकारच्या हातात, म्हणजे कुणाच्याच नाही. पण रस्ता आणि ताईची पाठ यांच्यामध्ये जे जे आहे ते लोखंडाचं आणि रबराचं आहे, आणि ते माझ्या हातात आहे. ताईला येता-जाता दुखू द्यायचं नाही. एवढं एकच मी करू शकत होते आणि ते मी करणार होते.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं उतरवली आणि आतला कारभार बघून कपाळावर हात मारला. धक्के गिळणारे पुढचे दोन्ही शॉकअप तेल ओकून रिकामे झालेले. बॉनेट दाबून सोडलं तर गाडी हो हो म्हणत मान डोलवत राहायची. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशांचं रबर बोटांनी चुरडलं जात होतं. बॉल जॉइंट तर हलणाऱ्या दातासारखे. मागच्या स्प्रिंगांखालची रबरं कधीच संपलेली, लोखंडावर लोखंड आपटत होतं. ब्रेकची गत त्याहून वाईट. एका बाजूच्या कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या पकडीचा, पिस्टन गंजून जागीच बसलेला, म्हणजे सगळा भार दुसऱ्या चाकावर. म्हणूनच गाडी भिंतीकडे धावली. डिस्क झिजून कडेला धार आलेली. रबरी नळ्या फुगलेल्या. हे सगळं घेऊन भावोजी ताईला नेत होते आणि आणत होते!

दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. गिऱ्हाइकं आली, त्यांना वाटेला लावलं. "बाई, माझी गाडी कालच द्यायची होती," असं एकाने म्हटल्यावर मी म्हटलं, "मग काल यायचं होतं." आर्मचा एक बोल्ट काही केल्या सुटेना. तेल मारलं, तापवला, पान्यावर उभी राहिले, आईबापावरून शिव्या दिल्या. शेवटी तो सुटला तेव्हा मी आणि पाना दोघंही भिंतीवर आदळलो. जुनं एकही रबर ठेवलं नाही. शॉकअप नवे, स्प्रिंग नवे, बुश, जॉइंट, लिंक रॉड नवे. ब्रेकला नवे कॅलिपर, नव्या नळ्या, नव्या डिस्का, नवे पॅड, मागच्या ड्रममध्ये नवे लायनर. जिथे म्हणून लोखंड लोखंडाला लागून आवाज होऊ शकतो, तिथे तिथे मी ग्रीस लावलं, नाहीतर रबर घातलं. दारांच्या बिजागऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. मागच्या सीटखालची एक पट्टी सुटी होती, ती कापड गुंडाळून घट्ट केली.

बुशांचं एक तंत्र असतं. गाडी हवेत टांगलेली असताना त्यांचे बोल्ट आवळायचे नसतात. खाली उतरवून, जेवढा भार रोज पडणार तेवढा टाकून मग आवळायचे. नाहीतर रबराला पीळ पडतो आणि ते लवकर मरतं. बाकीचे लोक अंदाजाने करतात. मला अंदाज नको होता. मागच्या सीटवर ताईच्या वजनाइतकं पोतं ठेवायचं ठरवलं. जुन्या डिस्का आणि ड्रम भरून पोतं तयार केलं आणि भावोजींना फोन करून तिचं वजन विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला.

"अहो, नीट सांगा," मी म्हटलं. "मला तिचं हवंय, शाळेतल्या पोरीचं नको."

"मागच्याच फेरीला केलं गं दवाखान्यात," ते म्हणाले.

मी फोन ठेवला आणि पोत्यातून एक ड्रम काढला. मग दुसरा काढला. मग डिस्का काढायला लागले. शेवटी जे उरलं ते मी एका हाताने उचलून सीटवर ठेवलं, आणि तिथेच दाराला धरून रडले. मग डोळे पुसले आणि बोल्ट आवळले.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दुसरा माणूस लागतो. एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा आणि धरून ठेवायचा. दुसऱ्याने खाली चाकापाशी पडून छोटा नट सैल करायचा, हवा आणि तेल बाहेर जाऊ द्यायचं, नट आवळायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. मध्येच पाय सोडला तर बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं मुसळ केरात. मी भावोजींना दुकान बंद करून बोलावलं.

"दाबा," मी खालून म्हणायची. "धरा. धरा. सोडा."

"दाबा. धरा."

तीन चाकं झाली. चौथ्याला मी नट सैल केला, तेल सुटलं, बुडबुडे यायला लागले, आणि वरून भावोजींचा आवाज आला. "ती बरी होईल ना गं?"

"धरा," मी म्हटलं.

"डॉक्टर माझ्याशी बोलताना आता फाईलमध्ये बघतात. आधी माझ्याकडे बघायचे." त्यांचा आवाज फुटला. त्यांचा तो ब्रेकवरचा पाय थरथरतोय हे मला नळीतल्या तेलावरून दिसत होतं.

"पाय सोडू नका!" मी ओरडले. "भावोजी, काही झालं तरी पाय सोडू नका!"

"नाही सोडत," ते म्हणाले. ते रडत होते आणि पाय दाबून धरत होते, आणि मी खाली पाठीवर पडून हातात पाना धरून होते. बाहेर येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा तर नट उघडा. बुडबुडे थांबले तसा मी नट आवळला.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी पाय सोडला. मग बराच वेळ आम्ही दोघंही आपापल्या जागी होतो, ते सीटवर आणि मी जमिनीवर.

गाडी रस्त्यावर काढली तेव्हा मात्र माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? ब्रेक पायाच्या अंगठ्याने लागत होता आणि गाडी रेषेत थांबत होती. नगरपालिकेने गल्लीत घातलेला तो उंच गतिरोधक, ज्यावर सगळ्यांची बत्तिशी वाजते, तो आला कधी गेला कधी कळलं नाही. आणि आवाज? नावाला नाही. खिडक्या बंद केल्या की आत नुसतं आपल्या श्वासाचं ऐकू यावं. मी तीच ती गाडी चालवतेय यावर माझाच विश्वास बसेना.

पुढच्या फेरीला मी म्हटलं, मीच चालवणार. ताईला दोघांनी धरून मागे बसवलं, उशा रचल्या, पांघरूण घातलं. ती दमून गेली होती, पण हसली. "ठिणगे," ती मला लहानपणापासून याच नावाने हाक मारते, "झोप तरी घेतलीस का या भानगडीत?"

"तू घे झोप," मी म्हटलं. "आज तुला रस्ता लागणारच नाही. बघच तू." भावोजी माझ्या शेजारी पुढे बसले. मी त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पेला दिला. "सांडला तर गॅरेजला टाळं लावीन," मी म्हटलं. मी लहान पोरीसारखी वागत होते, पण मला इतका आनंद झाला होता की काय सांगू!

गावातला रस्ता संपला. खणलेला पट्टा आला. मी हळूहळू, खड्डे चुकवत, न चुकणारे अलगद घेत गाडी नेली. पेला हिंदकळला, सांडला नाही. "बघितलंत?" मी म्हटलं. भावोजींनी मान डोलावली. ते समोर बघत होते. मागे ताई गप्प होती. मला वाटलं, झोपली.

आणि मग मला आवाज आला.

अगदी बारीक. मागून, उजवीकडून. कोरडं रबर लोखंडावर घासावं तसा, इंऽऽ, आणि बंद. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं नवं घातलं आणि तरी आवाज! पुढच्या खड्ड्याला मी कान टवकारले. खड्ड्यात काही नाही. पुढे सपाट रस्ता लागला, आणि सपाट रस्त्यावर आवाज आला. असं कसं? बुश तर खड्ड्यात बोलतो, सपाटीला नाही.

"तुम्हाला ऐकू आला?" मी भावोजींना विचारलं.

"नाही बुवा," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. उतरून मागचा भाग दोन्ही हातांनी दाबला, सोडला, दाबला. काही नाही. चांगल्या कपड्यांनिशी रस्त्यावर आडवी झाले आणि खाली डोकं घातलं. एकेक बोल्ट हाताने चाचपला. सगळं जिथल्या तिथे. "अगं, राहू दे ना," ताई काचेतून म्हणाली. "उशीर होतोय."

"उशीर झाला तर झाला! माझ्या हातून आवाज राहिलाय म्हणजे काय!" मी कपडे झटकून पुन्हा बसले. थोडं पुढे गेलो तर पुन्हा इंऽऽ. या खेपेला जरा लांबलेला. मी वैतागून गाडी थांबवली आणि भावोजींना म्हटलं, "तुम्ही चालवा. मी मागे बसून शोधते. आज याचा सोक्षमोक्ष लावते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कशाला गं," ते म्हणाले. "नको."

"चालवा म्हटलं ना!"

मी मागे, ताईच्या पायांपाशी जागा करून बसले. भावोजींनी गाडी सुरू केली. मी कान आधी दाराला लावला, मग सीटला, मग वाकून खाली. डोळे मिटून घेतले, म्हणजे नीट ऐकू येतं. आवाज आला. जवळून, अगदी जवळून. मी त्या दिशेने हळूहळू मान वळवत गेले, आणि डोळे उघडले तेव्हा समोर ताईचं तोंड होतं. तिने पांघरुणाचा कोपरा दातांत घट्ट धरला होता. कपाळावर घाम होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि तो आवाज तिच्या घशातून येत होता.

मी काहीच बोलू शकले नाही. मी, जिच्या तोंडाला कधी टाळं लागलं नाही ती.

तिने डोळ्यांनीच पुढे, भावोजींच्या पाठीकडे खूण केली आणि मान हलवली. नको. त्यांना नको.

पेट्रोल पंप आला. मी भावोजींना म्हटलं, "पाणी घेऊन या, थंड मिळालं तर बघा." ते गेल्यावर मी ताईचा हात धरला. "अगं, धक्के बसतायत का अजून? कुठे बसतायत? मला सांग, मी आत्ताच्या आत्ता…"

"नाही गं. धक्के गेले. एकही लागला नाही," ती म्हणाली. "फार सुंदर काम केलंयस."

"मग?"

"दुखणं धक्क्यांचं नव्हतंच. ते आपलं आपण येतं. रात्रंदिवस असतं." ती दम घेत घेत बोलत होती. "घरी कण्हता येत नाही गं. एकदा ओरडले होते सुरुवातीला. हे भिंतीला डोकं लावून बसले, जेवले नाहीत, दुकानात गेले नाहीत. तेव्हापासून मी गप्पच. मग ही गाडी होती ना. काय आवाज करायची! त्या खणलेल्या रस्त्याला लागलो की मी मागे मन भरून कण्हून घ्यायची. रडूनसुद्धा घ्यायची. यांना पत्ता नाही. मी घरी बसून त्या रस्त्याची वाट बघायची, खोटं नाही सांगत. शेजाऱ्यांच्या गाडीत तेच तर झालं, श्वास घेतला तरी ऐकू जात होता." ती जराशी हसली. "आता ही पण तशीच केलीस तू."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते मी केलं होतं. आठवडाभर रबर घालून घालून मी तिची हक्काची जागा बुजवून टाकली होती, आणि वर पेला दाखवून मिरवत होते. "मी काढते सगळं," मी म्हटलं. "जुने लिंक रॉड पडलेत गॅरेजमध्ये, ते पुन्हा घालते, ब्रेकला हात न लावता नुसता आवाज…"

"आणि आज?" ती म्हणाली. "आज अख्खा रस्ता आहे, ठिणगे. मला नाही सहन होत."

भावोजी पाण्याची बाटली घेऊन येताना दिसले. तिने तोंड पुसलं आणि उशीला टेकली. मी पुढे जाऊन पुन्हा स्टीअरिंग हातात घेतलं. काय करू, काय करू, दुसरं डोक्यात काही येईना. रेडिओ किती वर्षं बंद पडलेला, तेवढा एक मी दुरुस्त केला नव्हता. पंपावरून रस्त्यावर आलो तर एक ट्रक आडवा घुसला, आणि मला एकदम सुचलं.

"ए ट्रकवाल्या!" काच खाली करून मी अशी बोंबलले की भावोजी दचकून बाटलीसकट उडाले. "रस्ता काय तुला आंदण दिलाय? आरसा काय दाढी करायला लावलाय?" हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दुचाकीवाला आला, त्याला धरलं. "डोळे आहेत की बटणं?" पायी जाणारा एक बिचारा कडेने चालला होता, त्यालाही सोडलं नाही. मागून, माझ्या ओरडण्याच्या खालून, ताईचं कण्हणं येत होतं. आधी दबकत, मग मोकळं. मी आणखी जोरात ओरडले. रस्ता करणाऱ्यांचा उद्धार केला, त्यांच्या यंत्रांचा केला, ज्या मंत्र्याने नारळ फोडला असेल त्याचा केला. डॉक्टरांना बोलले. देवाला तर काय काय बोलले, ते इथे सांगत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती.

भावोजी काही म्हणाले नाहीत. "हळू", "काय झालं तुला", काहीच नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

शेवटी रस्ता मोकळा झाला. ना ट्रक, ना माणूस, दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. मी मैलाच्या दगडांना शिव्या दिल्या, विजेच्या खांबांना दिल्या, आणि मग माझा आवाजच गेला. घशातून नुसती हवा यायला लागली. मी हॉर्न दाबला, तोही दाबून दाबून चिरकायला लागला होता. गाडी शांत, गुळगुळीत चालली होती. मागे ताईचं कण्हणं अर्ध्यावर तुटलं. तिने पुन्हा पांघरूण तोंडात घेतलं असणार.

भावोजींनी त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. डोकं बाहेर काढलं.

"एऽऽ!" ते ओरडले. त्या माणसाला ओरडता येत नव्हतं. आवाज मध्येच फाटला. पण त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "एऽऽ! दिसत नाही का? बाजूला व्हा! व्हा बाजूला!"

"अहो," मागून ताई म्हणाली, "कुणाला ओरडताय? रस्त्यात कुणी नाहीये."

"मला माहितीय," ते म्हणाले. ते वळले नाहीत. "मला पहिल्यापासून ऐकू येतं. त्या आवाजातसुद्धा यायचं. तू कण्ह. खुशाल कण्ह. मी ओरडतो."

मी आरशात बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मग मागून तिचा आवाज आला, पांघरुणाशिवाय, पूर्ण. भावोजी दोन्ही हातांनी दार धरून, त्या उघड्या माळाला तोंड करून ओरडत राहिले. शहर अजून बरंच लांब होतं.